घरी केलेलं लंबकाचं घड्याळ: टिक-टॉक लंगडं पडालंय

खानापूरकर: बेळगावच्या उद्यमबागेत एस्केप व्हील (ठोक्याठोक्याला पुढं सरकणारं दातेरी चाक) कापून घेतलं, अँकर (त्या चाकाचे दात अडवून सोडणारा तुकडा) डेडबीट, म्हणजे ठोक्याला काटा मागं न येता जागीच थांबायला पाहिजे असा, लंबक सेकंदाचा (एका बाजूच्या झोक्याला एक सेकंद) म्हणजे साधारण 99.4 सेंमी. पण टिक लांब टॉक आखूड, सेकंदकाटा दर ठोक्याला जरा मागं सरकतोय आणि थोड्या वेळानं बंदच पडतंय, काय करू?

शहापूरचा_लेथवाला: अण्णा, या दोन वेगळ्या भानगडी हैत. लंगडेपणासाठी लंबक हातानं हळू डावीकडं न्या, दात सुटला की खूण करा, मग उजवीकडं, मधल्या रेषेपासून दोन्ही खुणा सारख्या येईपर्यंत क्रच (अँकरपासून लंबकाला ढकलणारा दांडा) किंचित वाकवत जावा.

निपाणीकर: काटा मागं येतोय म्हणजे दात अँकरच्या लॉकिंगच्या (चाक अडवून धरणाऱ्या) गोल भागावर न पडता थेट उतारावर (लंबकाला ढकलणाऱ्या तिरक्या भागावर) पडालाय. अँकर केसभर चाकाजवळ घ्या, भिंगातून बघा, दात गोल भागाच्या कडेच्या जरा आत टेकायला पाहिजे, जास्त आत नको.

खानापूरकर: क्रच वाकवला, ठोका एकदम सरळ आला बघा! अँकरचं रात्री बघतो.