नाव झाकलं तरी ओळख फुटते

संशोधनपर लेख छापण्याआधी तज्ज्ञ परीक्षकाकडे तपासायला जातो; तेव्हा 'लेखकाचं नाव झाकलं की परीक्षण निःपक्षपाती होतं' हे मत मला अर्धंच पटतं. पेशवे दफ्तरातल्या, म्हणजे पुण्यातल्या पेशवेकालीन कागदपत्रांच्या संग्रहातल्या, एकेका विषयाचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) धुंडाळणारी माणसं पुण्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तळटिपेतला रुमाल क्रमांक पाहूनच परीक्षक लेखक ओळखतो. मी एका नियतकालिकाच्या संपादनात मदत करते. लेख परीक्षकाला धाडण्याआधी ऋणनिर्देश, 'माझ्या आधीच्या लेखात' अशी वाक्यं आणि वर्ड फाइलच्या प्रॉपर्टीजमधलं लेखकाचं नाव (हे हमखास राहतं) काढावं लागतं.

तरीही ओळख फुटतेच, म्हणून दुसरा परीक्षक आम्ही मुद्दाम शेजारच्या विषयातला, शक्यतो पुण्याबाहेरचा घेतो. मोबदला शून्य, तरी चांगला परीक्षक मोडीचं वाचन मूळ कागदाशी ताडून पाहतो. दोघांचे शेरे परस्परविरोधी आले तर निर्णय संपादकाचा, आणि त्याची कारणं लेखकाला लेखी मिळालीच पाहिजेत.