बायपोलर आणि गट-उपचार : गावाकडचे अनुभव

विदर्भातल्या खेड्यापाड्यांत बायपोलरसह (कधी अति जोम, कधी खोल उदासी आणणारा मनाचा आजार) जगणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी, असा आजार असलेल्यांच्या गटात बसण्याचे अनुभव इथे लिहावेत, ही मनापासून विनंती. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या बार्सिलोनाच्या अभ्यासात १२० रुग्ण होते, सगळ्यांची औषधं चालू. ज्यांनी २१ बैठकांत आजाराची माहिती शिकून घेतली, त्यांचा आजार नुसतं एकत्र बसणाऱ्यांपेक्षा कमी वेळा उलटला. आपल्याकडे काय उपयोगी पडतं, ते आपणच सांगायला हवं. नाव-गाव लिहू नका.

शेतकरी, यवतमाळ जिल्हा
माह्या घरी याले कोनी आजार म्हनतच नोतं. जोमात असलो का 'कामाचा मानूस', खाटीवर पडलो का 'आळशी'. गटात एका काकानं सांगतलं, दोन-तीन तास झोपून बी थकवा नसन, डोक्यात इचार धावत असन, त सावध व्हाचं. डॉक्टर बी हेच सांगत, पन ज्याच्यावर बेतलं त्याच्या तोंडून आयकलं तवा पटलं. आता झोप तुटली का बायको दवाखान्यात फोन लावते. तवा उधारीवर माल उचलाचा का बैल इकाचे, हे तिच्या हाती. गटातच ठरवलं आमी दोघायनं, मी बरा असताना.

बहीण, वाशिम
भाऊ आजाराच्या जोमात असताना त्याच्याशी वाद घालायचा नाही, एवढं जरी तिथे कळलं तरी घर शांत झालं.

अंगणवाडी सेविका, चंद्रपूर जिल्हा
मी बायपोलरसाठी लिथियम हे औषध घेते. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात. घाम जाऊन अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. हात जास्त थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, तोल जातो. वखरणीला जाणाऱ्या एका दादांनी हे सांगितलं, तर गटातल्या आणखी काहींना तसंच झालेलं निघालं. एकेकटे उन्हालाच दोष देत होते. आता आम्ही एकमेकांना पाण्याची आठवण करतो, मीठ एकदम तोडत नाही, आणि त्रास वाटला की लगेच दवाखाना गाठून रक्त तपासतो. ही गोष्ट विदर्भातल्या प्रत्येक गटात बोलली गेलीच पाहिजे!

गृहिणी, बुलढाणा जिल्हा
आपल्याच तालुक्यात ओळखीचे निघतात, म्हणून मी शेजारच्या तालुक्याच्या गटात जाते. मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं. म्हणून आम्ही बाजाराचा दिवस मागून घेतला, आता बायकाही येतात. जिथे गटच नाही, तिथल्यांनी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करावा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.