पाम स्प्रिंग्ज आणि आसपास: मेक्सिकन कुठे खाल्लंत? अनुभव लिहा

रानमोगरा
दर हिवाळ्यात लॉस एंजेलिस, सॅन डिएगो, ऑरेंज काउंटीतली कितीतरी मराठी मंडळी लाँग वीकेंडला वाळवंटातलं पाम स्प्रिंग्ज गाठतात. दोरावरच्या ट्रामने डोंगरावर जाऊन बर्फ बघून झाला, पोरं पूलमध्ये डुंबून झाली की पुढचा प्रश्न ठरलेला, जेवायचं कुठे. एवढी मेक्सिकन वस्ती असलेल्या ह्या कोचेला खोऱ्यात येऊन लोक घराजवळ मिळतो तोच चेनमधला बरिटो खाऊन परत जातात ह्याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हा धागा. कुठे गेलात, काय मागवलंत, शाकाहारी असाल तर काय काय विचारून घेतलंत, सगळं लिहा, कितीही लांबलं तरी चालेल.

सुरुवात मी करते. आई-बाबा पुण्याहून आले होते तेव्हा त्यांना पाम कॅन्यन ड्राइव्हवरच्या लास कासुएलास तेराझाला नेलं. ते चालवणाऱ्या कुटुंबाने पाम स्प्रिंग्जमध्ये पहिलं हॉटेल १९५८ साली काढलं, तेराझा नंतरचं. अंगणात बसायचं, समोर गाणं-गिटार चालू, गर्दी भरपूर. जेवण साधंसरळ आहे, अगदी खेड्यातलं मेक्सिकन शोधणाऱ्यांना ते गुळगुळीत वाटेल, पण आईबाबांना पहिल्यांदा न्यायला मला तेच बरं वाटतं. बाबांना चिले रेयेनो फार आवडलं. पोब्लानो मिरची आचेवर भाजून, साल काढून, पोटात चीज भरून, फेटलेल्या अंड्यात बुडवून तळतात. अंडं न खाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, मेन्यूवर ते बरेचदा लिहिलेलं नसतं.

चिंचगूळ
मस्त धागा! एल मिरासोल ह्या हॉटेलचं नाव कोणीतरी घ्यायलाच हवं म्हणून मी घेते. तिथे टॅकोच्या नादी लागू नका, वाटणाचे पदार्थ मागवा. मोले म्हणजे सुक्या मिरच्या, तीळ, दाणे-बदाम, खडा मसाला आणि किंचित चॉकलेट असं भाजून वाटलेलं प्रकरण, आणि पिपियान म्हणजे भोपळ्याच्या बिया भाजून केलेलं वाटण. मी पोयो एन पिपियान (पिपियानमधलं चिकन) घेतलं, पहिल्या घासाला बियांचा खमंगपणा येतो, तिखट मागून हळूच चढतं, आणि रस्सा इतका दाट की ताटली टॉर्टियाने (त्यांची पातळ पोळी) पुसून घेतली तरी कडेला राहतोच. ज्याला घरी वाटणघाटणाची सवय आहे त्याला ह्यामागची मेहनत लगेच कळते. हिवाळ्यात शनिवारी संध्याकाळी जाणार असाल तर लवकर जा, सहा वाजले की बाहेर लोक उभे असतात.

निळावंती
शाकाहारी लोकांसाठी लिहिते, जरा सविस्तर लिहिते कारण मला हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. आम्ही घरात सगळे शाकाहारी. मेक्सिकन म्हणजे राजमा-भात-चीज, आपलंच की, असं सगळे म्हणतात, पण पारंपरिक पद्धतीत रिफ्राइड बीन्स डुकराच्या चरबीत (मान्तेका) परततात, आणि तो लालसर भात बरेचदा चिकनच्या पाण्यात शिजवतात. डाउनटाउनमध्ये एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) वेटरने "नो मीट, नो मीट" म्हणून ताट आणून ठेवलं, ह्यांनी परत एकदा आत विचारून यायला सांगितलं तेव्हा तो गेला आणि येऊन म्हणाला की बीन्समध्ये मान्तेका आहे. त्याचं काही वाईट मनात नव्हतं, मांसाचा तुकडा नाही म्हणजे शाकाहारी एवढंच त्याला माहीत. तेव्हापासून मी सरळ "सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो" म्हणते, म्हणजे चरबी नको, कोंबडीचं पाणी नको. हसतमुखाने विचारलं की लोक मनापासून मदत करतात, एका काकूंनी तर स्वयंपाकघरातून तेलाचा डबाच आणून दाखवला.

मागवायचं काय? मशरूम किंवा भोपळ्याच्या फुलांची केसादिया (टॉर्टियात चीज-सारण घालून भाजलेली), रहास (मिरचीच्या लांब फोडी, क्रीममध्ये) आणि नोपालेस. नोपालेस म्हणजे निवडुंगाची कोवळी पानं, काटे तासून पट्ट्या कापतात. कच्ची असताना चिकट सुटतात पण तव्यावर कोरडी परतली की चिकटपणा जातो आणि छान आंबूस चव येते. माझ्या मुलाला भाज्या म्हणजे शत्रू, तो सुद्धा हे खातो.

खादाडखाऊ
अहो पण सगळे पाम स्प्रिंग्जमध्येच का अडकलात! गाडी काढा, हायवे १११ धरून पूर्वेकडे कॅथेड्रल सिटी, रँचो मिराज, पाम डेझर्ट असं करत इंडिओला जा, आणि पुढे कोचेला गावात. म्युझिक फेस्टिव्हलवालं नाव तेच, पण गाव बघायला कोणी जात नाही (फेस्टिव्हल भरतो तो पण इंडिओत). रिसॉर्टची किचनं, गोल्फ कोर्स, खजुराच्या बागा ज्यांच्या हातांवर चालतात ती माणसं ह्या पूर्वेच्या टोकाला राहतात, मग चांगलं जेवण तिथेच असणार ना. इंडिओ बुलेवार्डवर रेल्वेलाईनच्या बाजूला एल मेक्सिकाली कॅफे आहे, जुनं, साधं, समोरून मालगाड्या जातात, पोरं खूश.

रात्री अल पास्तोर मिळालं तर सोडू नका (मांसाहारी लोकांसाठी). उभ्या सळईवर मसाल्यात मुरवलेल्या डुकराच्या मांसाचे थर, टोकावर अननस, माणूस सुरीने पातळ काप खाली टॉर्टियावर पाडतो आणि मग मनगटाला एक झटका देऊन अननसाचा तुकडा वरून त्याच टॉर्टियात झेलतो. ही सळईची पद्धत लेबनॉनहून मेक्सिकोत गेलेल्या लोकांनी नेली, शावर्माचीच भावकी. वर नुसता कांदा-कोथिंबीर आणि लिंबू. चीज मागू नका, लागत नाही.

चिंचगूळ
खादाडखाऊ +१००. पुढच्या वेळी नक्की.

तासगावकर
मी अमेरिकेत राहत नाही, द्राक्षबाग आहे आमची सांगली भागात. भाच्याकडे आलो होतो तेव्हा हट्ट करून कोचेला खोऱ्यातल्या द्राक्षबागा बघायला गेलो, मे महिन्याचा शेवट, तोडणी चालू. कॅलिफोर्नियातली सगळ्यात लवकरची द्राक्षं इथली. १९६५ साली द्राक्ष मजुरांचा जो मोठा लढा उभा राहिला त्याची पहिली ठिणगी पण इथेच पडली, फिलिपिनो मजुरांनी आधी कोचेलात संप करून मजुरी वाढवून घेतली आणि मग ते वारं उत्तरेला डेलानोला गेलं. हे मला तिथल्या मुकादमाने सांगितलं, स्वतः मेक्सिकोतल्या मिचोआकानचा माणूस.

पहाटे अंधारातच काम सुरू होतं कारण दुपारी ऊन सहन होत नाही. नऊच्या सुमाराला बांधाला जेवणाची गाडी लागली, लोंचेरा म्हणतात. भाचा म्हणाला मामा इथे नको, हॉटेलात जाऊ. मी म्हटलं जे तोडणीवाले खातात तेच खायचं. मक्याचा टॉर्टिया, अंडं-बटाटा, आणि डब्यातली लाल साल्सा, चिले दे आर्बोल मिरची तव्यावर काळपट भाजून वाटलेली. तिखट म्हणजे तिखट, कान गरम झाले. शेजारची बाई माझ्याकडे बघत होती हा पाहुणा आता पाणी मागणार म्हणून, मी अजून एक चमचा घातला तेव्हा ती मोठ्याने हसली आणि तिच्या डब्यातला एक टॉर्टिया काढून माझ्या हातावर ठेवला. घरून करून आणलेला, अजून कोमट होता.

मी तिला हातवारे करून, भाच्याला मध्ये घालून विचारलं की आमच्याकडे मक्याच्या पिठाची भाकरी थापताना चिरते, हे इतकं लवचिक कसं. तर मका आधी चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवायचा, सालं धुवून काढायची आणि ओलाच दळायचा. चुन्यामुळे पीठ चिकटून येतं आणि मक्यातलं पोषणही अंगी लागतं. गावी जाऊन करून बघितलं, जमतं. चुना फार नको, एवढंच सांगतो.

रानमोगरा
तासगावकर दादा, काय सुंदर लिहिलंत. ह्या साठीच धागा काढला होता.
डिसेंबरमध्ये येणाऱ्यांसाठी: इंडिओत तमाले फेस्टिव्हल असतो, १९९२ पासून. तमाले म्हणजे आपल्या पानगीची सख्खी मावसबहीण, फक्त पान केळीचं नसून कणसाचं, आणि आत सारण. मिरची-चीजवाले, गोड मक्याचे पण मिळतात, मात्र निळावंतीचा प्रश्न इथेही विचाराच, कारण वरचं पीठच बरेचदा मान्तेकात मळलेलं असतं. तेलातले मिळतात, स्टॉलवाले स्वतःच पाटी लावतात.

वाळवंटी
इथेच राहतो, त्यामुळे दोन गोष्टी. उन्हाळ्यात येऊ नका, आणि आलात तर हॉटेल उघडं आहे का ते फोन करून बघा, ऑगस्टमध्ये बरेच जण काही आठवडे बंद ठेवतात. जुलै २०२४ मध्ये पाम स्प्रिंग्जला ५१ डिग्री झालं होतं, ही गंमत नाही, लहान मुलं आणि वयस्कर माणसं घेऊन दुपारी टॅको ट्रकसमोर उभं राहायचं नाही.

दुसरं, कार्डेनास नावाचं मेक्सिकन सुपरमार्केट ह्या खोऱ्यात आहे. आत टॉर्टिया भाजतात, गरम पुडकं हातात मिळतं. सोबत अॅव्होकाडो, ताजं चीज, लिंबं आणि मोठ्या काचेच्या बरण्यांतली सरबतं, चिंचेचं, लाल अंबाडीच्या बोंडांचं, तांदूळ-दालचिनीचं ओर्चाता. हे घेऊन एअरबीएनबीच्या अंगणात डोंगराकडे तोंड करून बसलं की अजून काही लागत नाही. निघण्याआधी इंडिओत शील्ड्जला डेट शेक (खजुराचा मिल्कशेक), १९२४ पासूनची खजुराची बाग आहे. मेक्सिकन नाही, पण इथवर येऊन तो न पिता जायचं म्हणजे काय.

सोनचाफा
पहिल्यांदाच लिहितेय. फेब्रुवारीत सासू-सासऱ्यांना घेऊन जातोय, सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. त्यांच्यासाठी काही आहे का, की डबाच न्यावा?

निळावंती
सोनचाफा, डबा थोडा न्याच, पण उपाशी नाही राहणार त्या. मक्याच्या टॉर्टियात नुसतं चीज घालून केसादिया करून द्या म्हणायचं, "सिन सेबोया, सिन आहो", म्हणजे कांदा नको, लसूण नको, तवा पुसून घ्यायला सांगायचं. फळांच्या गाड्यांवर आंबा, काकडी, कलिंगड, हिकामा (कुरकुरीत कंद) कापून वर लिंबू-तिखट-मीठ घालून देतात. भाजलेलं कणीस मिळालं तर मेयोनीज नको म्हणून सांगा, त्यात अंडं असतं. आणि ओर्चाता दुधाचं आहे की नुसत्या तांदळाचं तेवढं विचारा, उपवास असेल तर दोन्ही बाद.