सी विंगचा विषय ग्रुपवर नको, असं ठरलं होतं

महाडिक (बी-३०२): सेक्रेटरीसाहेब, सी-१०४ मध्ये शुक्रवारी कोण राहायला येतंय ते कमिटीला माहीत आहे ना? की आम्हाला लिफ्टमध्ये समोर आल्यावर कळायचं?

महाडिक (बी-३०२): आणि जाधवांच्या मुलाला कोर्टाने वेडाच्या कारणावरून निर्दोष म्हटलं म्हणजे काय? वॉचमनवर रॉड काय आपोआप उडाला होता?

सेक्रेटरी: नमस्कार. हा विषय ग्रुपवर घ्यायचा नाही असं मागे ठरलंय. रविवारी मीटिंगमध्ये बोलू. उद्या टाकीसफाई, ११ ते ३ पाणी बंद.

जोशीकाकू (ए-१०३): उद्या?? माझ्याकडे सत्यनारायण आहे. पंचवीस माणसं जेवायला. आधी सांगता येत नाही का?

मोरे (ए-२०१): पाचशे रुपयांत वेडेपणाचं सर्टिफिकेट मिळतं. कोणालाही विचारा.

अ‍ॅड. शिर्के (बी-१०१): मोरेकाका, नुसत्या सर्टिफिकेटवर कोणी सुटत नाही. डॉक्टरांची उलटतपासणी होते, जुने केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, घटनेच्या आधी आणि नंतर तो कसा वागत होता, सगळं बघतात. आजार आहे एवढं पुरत नाही. त्या क्षणी आपण काय करतोय, किंवा ते चुकीचं, बेकायदा आहे, हे समजण्याची ताकदच नव्हती असं दाखवावं लागतं. घटना २०२३ ची, म्हणून जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ८४. आता तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत तेच २२.

महाडिक (बी-३०२): वकीलबाई, तुम्ही त्यांच्या बाजूने बोलणारच. एकाच जिन्यातलं चहापाणी.

अ‍ॅड. शिर्के (बी-१०१): माझा जिना बी विंगचा आहे काका, तुमचाच. केसही माझ्याकडे नव्हती.

पाटणकर (सी-३०१): 😂

अ‍ॅड. शिर्के (बी-१०१): आणि हे फार कमी वेळा टिकतं. आपल्याजवळचंच उदाहरण, आणंदजवळचं भालेज. १९५९ मध्ये नवऱ्याने बायकोला मारलं, अंगावर चाकूच्या ४४ जखमा. वेडाच्या भरात झालं, असा बचाव. सुप्रीम कोर्टाने १९६४ मध्ये शिक्षा कायम ठेवली. पण त्याच निकालात एक गोष्ट स्पष्ट झाली. आरोपीने शंभर टक्के सिद्ध करायची गरज नाही, दिवाणी दाव्यासारखं ‘असंच झालं असण्याची शक्यता जास्त’ एवढं पुरे. आणि तेवढंही जमलं नाही, पण त्याच्या पुराव्यामुळे गुन्ह्याच्या हेतूबद्दलच रास्त शंका आली, तरी त्याचा फायदा आरोपीला.

मोरे (ए-२०१): तेच म्हणतोय मी. पाचशे रुपयांत मिळतं.

निंबाळकरताई (ए-३०२): मोरेकाका, तुम्ही कधी घेतलंत? रेट पाठ आहे म्हणून विचारते.

मोरे (ए-२०१): माझी थट्टा करू नका. मी या सोसायटीचा पहिला मेंबर आहे.

पाटणकर (सी-३०१): हा सगळा कायदा इंग्रजांचा ना? सुरुवात १८४३, लंडन. मॅक्नॉटन नावाचा माणूस पंतप्रधान पीलना मारायला निघाला आणि गोळी लागली त्यांच्या सेक्रेटरीला. आपल्या सेक्रेटरींनी जपून राहावं 😄

सेक्रेटरी: पाटणकर, तुमचा मेंटेनन्स दोन क्वार्टर बाकी आहे.

जोशीकाकू (ए-१०३): टाकीचं काय ते सांगा आधी.

निंबाळकरताई (ए-३०२): मी मनोरुग्णांच्या वॉर्डात नोकरी केली आहे, म्हणून सांगते. आवाज ऐकू येणारा पेशंट खोटं बोलत नसतो, त्याला खरंच येतात. औषध बंद केलं की परत सुरू. जाधवांच्या मुलाचं औषध कोणी बंद केलं ते सगळ्यांना माहीत आहे. त्या बाबाचं नाव इथे लिहीत नाही, आपल्यातलेच चार जण अजून जातात त्याच्याकडे.

महाडिक (बी-३०२): ताई, आजार मान्य. पण वॉचमनचं काय? गावी बसलाय, उजव्या हातात पकड नाही. त्याला कोणता न्याय मिळाला? याचं उत्तर नाही कोणाकडे.

निंबाळकरताई (ए-३०२): हे मात्र तुम्ही बरोबर बोललात.

अ‍ॅड. शिर्के (बी-१०१): उत्तर आहे. कोणी त्याला सांगितलंच नाही. आरोपी सुटला तरी जखमीला सरकारी भरपाई मिळू शकते, कोर्ट तशी शिफारस करतं, रक्कम जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ठरवतं. आणि निर्दोष सोडलं त्याविरुद्ध त्याला स्वतःलाही अपील करता येतं, सरकारवर अवलंबून राहायला नको. पण पुराव्याचे दोन अर्थ निघू शकत असतील तर हायकोर्ट खालचा निकाल सहसा फिरवत नाही.

अ‍ॅड. शिर्के (बी-१०१): भालेजच्या उलटंही होतं. महाराष्ट्रात भोसले नावाच्या पोलीस शिपायाने पाटा-वरवंट्यातला दगड घालून बायकोला मारलं. सेशन्स आणि हायकोर्ट दोन्हीकडे शिक्षा, सुप्रीम कोर्टात २००२ मध्ये सुटका. आधीपासूनच्या उपचारांची नोंद होती म्हणून.

पाटणकर (सी-३०१): आणि फाशीची शिक्षा सुनावल्यावर वेड लागलं तर?

अ‍ॅड. शिर्के (बी-१०१): तो वेगळा मुद्दा. गंभीर आजार असेल तर फाशीची जन्मठेप होऊ शकते, २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये झाली. सुटका नाही होत.

मोरे (ए-२०१): सर्टिफिकेट...

जाधव (सी-१०४): सगळं वाचतो आहे. निकालात जजसाहेबांनी स्पष्ट लिहिलंय की वार माझ्या मुलानेच केला. ते लिहावंच लागतं. आम्हीही कधी नाकारलं नाही. त्याला माझ्या ताब्यात दिलंय, मी जामीनपत्र भरून दिलंय की तो स्वतःला किंवा कोणाला इजा करणार नाही. बोलावलं की हजर करायचं. वॉचमनच्या ऑपरेशनचे पैसे मी दिले, हे इथे लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

महाडिक (बी-३०२): जाधवसाहेब, तुमच्याबद्दल आदरच आहे. पण आमची नातवंडं खाली खेळतात.

जाधव (सी-१०४): माझाही तिथेच खेळला.

सेक्रेटरी: कृपया पुढे मेसेज टाकू नयेत.

महाडिक (बी-३०२): सोसायटी ठराव करू शकते की नाही एवढंच सांगा.

अ‍ॅड. शिर्के (बी-१०१): नाही. फ्लॅट त्यांचा आहे. मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम १९, अशा माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे. ठराव केला तर उलट आपल्याला नोटीस येईल.

महाडिक (बी-३०२): ठीक आहे. मग पोलीस स्टेशनला अर्ज देतो, नजर ठेवा म्हणून. इच्छुकांनी संध्याकाळी माझ्याकडे येऊन सही करावी.

पाटणकर (सी-३०१): मी संध्याकाळी अहमदाबादला आहे.

जोशीकाकू (ए-१०३): माझ्याकडे पूजा आहे हो.

मोरे (ए-२०१): सही नंतर बघू. आधी अर्ज वाचायला पाठवा. गुजरातीत आहे की इंग्रजीत?

निंबाळकरताई (ए-३०२): महाडिक, अर्ज करणारच असाल तर वॉचमनच्या भरपाईचा करा. त्यावर मी पहिली सही करते. शिर्केताई मजकूर देतील.

अ‍ॅड. शिर्के (बी-१०१): देते. त्याच्या गावचा पत्ता कोणाकडे आहे?

जाधव (सी-१०४): माझ्याकडे आहे.

सेक्रेटरी: टाकीसफाई उद्याऐवजी सोमवारी. जोशीकाकू, आता खूश?

जोशीकाकू (ए-१०३): सोमवारी माझा उपास असतो, पण चालेल. प्रसादाला सगळे या. सी विंगही.