बडोदा कॉलेज वाढलं की विरलं?

घुमटवाला : सयाजीगंजातल्या त्या भल्यामोठ्या घुमटाकडे बोट दाखवून कुठल्याही पोराला विचारा, उत्तर येणार 'आर्ट्स फॅकल्टी'. बडोदा कॉलेज हे नाव आता कुणाच्या तोंडी नाही. १८८१ साली सुरू झालेलं, मुंबई विद्यापीठाला जोडलेलं कॉलेज. वास्तुविशारद चिझमसाहेबाने विजापूरचा गोलघुमट डोळ्यांपुढे ठेवून त्याची इमारत आखली. अरविंद घोष इथे फ्रेंच आणि इंग्रजी शिकवत, पुढे उपप्राचार्य झाले. कन्हैयालाल मुन्शी त्यांचे विद्यार्थी. विनोबाही इथलेच, १९१६ साली इंटरच्या परीक्षेला म्हणून मुंबईच्या गाडीत बसले आणि सुरतेला उतरून काशीला गेले! असं कॉलेज १९४९ ला सयाजीराव विद्यापीठात मिसळलं आणि फॅकल्ट्यांमध्ये वाटलं गेलं. विद्यापीठ हवंच होतं, पण त्यासाठी कॉलेज मोडायची गरज नव्हती. पुणे विद्यापीठही त्याच सुमाराचं. तिथे फर्ग्युसन मोडलं का? अजून दिमाखात उभं आहे. आपलं तेवढं गेलं.

मांडवीकर : अहो, तुलनाच चुकतेय. पुण्याचं विद्यापीठ गावोगावची कॉलेजं जोडून घेणारं. आपलं एकाच शहरात बसून स्वतः शिकवणारं. त्यात कॉलेज वेगळं ठेवायचं म्हणजे एकाच घरात दोन चुली.

आणि तारखा बघा. विद्यापीठ झालं ३० एप्रिल १९४९ ला. बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं १ मे ला. आदल्या दिवशी! तो दिवस हुकला असता तर तुमचं कॉलेज मुंबई विद्यापीठाच्या यादीतलं आणखी एक नाव होऊन राहिलं असतं. मग कसली बायोकेमिस्ट्री आणि कसलं फाइन आर्ट्स? १९५० मध्ये फाइन आर्ट्स सुरू झालं तेव्हा शिकवायला कोण आलं? आपल्या इंदूरचे चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे. पुरातत्त्व विभागाने पुढे देवनी मोरीचा बौद्ध स्तूप खणून काढला. वेंकटरामन रामकृष्णन १९७१ मध्ये इथूनच फिजिक्सचे बी.एस्सी. झाले, २००९ ला नोबेल. वाढ म्हणतात ती याला.

सासर_बडोदा : मांडवीकरांशी सहमत. एक भर घालते. पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता याच कॉलेजच्या पदवीधर. मुलं-मुली एकत्र शिकणाऱ्या विद्यापीठाची देशातली पहिली स्त्री कुलगुरू. म्हणजे कॉलेज बाहेरच्यांनी येऊन गिळलं असं नाही, कॉलेजचीच मुलगी कारभारी झाली.

घुमटवाला : ताई, हंसाबेन घडल्या त्या कॉलेजात, हे तुम्हीच सांगताय. आणि मांडवीकर, ज्या स्वायत्ततेसाठी कॉलेज दिलं म्हणता तिचं २०२३ च्या गुजरातच्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने काय झालं? सेनेट गेली, सिंडिकेट गेली, म्हणजे विद्यापीठाचा कारभार ठरवणारी दोन्ही मंडळं गेली. नोबेलच्या गप्पा ठीक आहेत.

तंजावरी : दोघंही एक माणूस विसरताय. बडोद्यात काहीही चांगलं दिसलं की श्रेय सयाजीरावांना द्यायची सवय लागली आहे. महाराजांना पूर्ण अधिकार मिळाले २८ डिसेंबर १८८१ ला. कॉलेज काढायचं ठरलं तेव्हा राज्य चालवत होते दिवाण टी. माधवराव, तंजावरकडचे मराठी. महाराजांनी कॉलेज वाढवलं, जोपासलं, मान्य. पण बी त्यांचं नाही.

रंगारी : घुमट, दिवाण, कुलगुरू… चालू द्या. माझं म्हणणं वेगळंच आहे. बडोद्याचं वेगळेपण त्या कॉलेजात कधी नव्हतंच. मुंबईचाच अभ्यासक्रम, मुंबईचीच परीक्षा, आणि बी.ए. झालं की संस्थानात नोकरी. असली कॉलेजं तेव्हा बरीच होती.

धाडस होतं ते १८९० च्या कलाभवनाचं. त्रिभुवनदास गज्जर बडोदा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. त्यांनी महाराजांना पटवलं की इंग्रजी न येणाऱ्या कारागिराच्या पोरालाही शास्त्र शिकता आलं पाहिजे, आणि तेही त्याच्या भाषेत. रंगाई, विणकाम, सुतारकाम, चित्रकला, यंत्रकाम असे विषय. दादासाहेब फाळके तिथे शिकून गेले. १९०७ मध्ये गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांच्या हातून अलेंबिक ही औषधांची कंपनी उभी राहिली. म्हणजे प्रयोगशाळेतून थेट कारखाना. घुमटाखालच्या किती वर्गांतून असं काही निघालं?

आणि हेच कलाभवन १९४९ ला विद्यापीठात गेलं, इंजिनिअरिंगची फॅकल्टी झालं, आणि शिकवणं? इंग्रजीत. कुणीतरी हरवलं असेलच तर ते कॉलेज नाही. लोकभाषेतलं तंत्रशिक्षण हरवलं. त्यावर कुणी धागा काढत नाही, कारण त्याला घुमट नाही.

मांडवीकर : रंगारीबुवा, १९५० नंतर इंजिनिअरला भिलाई-राउरकेलाच्या पोलाद कारखान्यांत जायचं होतं. गुजरातीतून शिकून गेला असता का?

रंगारी : इंजिनिअर नसता गेला. पण रंगाईचा उस्ताद झाला असता. तो कोर्स बंद करा असं भिलाईवाल्यांनी सांगितलं होतं का?

घुमटवाला : रंगारी, मुन्शींना आणि विनोबांना कारकुनांच्या रांगेत बसवलंत, धन्य आहात. आणि गज्जर कलाभवनाला मिळाले कुठून? कॉलेजातूनच ना? बरं, मोडलेलं कॉलेज परत जोडा असं मी म्हणत नाही. निदान घुमटाखाली 'बडोदा कॉलेज, १८८१' अशी ठळक पाटी असावी, शिकवून गेलेल्यांच्या नावांसकट.

सासर_बडोदा : पाटीला माझा पाठिंबा. फक्त शिकवणाऱ्यांबरोबर शिकलेल्या मुलींचीही नावं घाला.

रंगारी : पाटी लावा. पण गज्जरांचं नाव अरविंदबाबूंच्या वर. ते आधीचे.

तंजावरी : चालेल. माधवरावांच्या खाली.