ज्ञानी दित्तसिंगांवर चार फलक करायचेत, मजकूर कसा बसवावा?

पळसपान:
गावच्या वाचनालयात ६ सप्टेंबरला एकोणिसाव्या शतकातले पंजाबचे शीख सुधारक आणि पत्रकार ज्ञानी दित्तसिंग यांचा स्मृतिदिन घेतोय. पोळ्याच्या आसपास गावात माणसं असतात, म्हणून वाचनालयाच्या ओट्यावर २ बाय ३ फुटांचे चार फलक लावू. अडलं ते असं: जन्मसाल कुठे १८५० दिसतं, कुठे १८५२. ते ज्या सिंग सभेत (शिखांची सुधारणावादी संघटना) होते, ती एकच होती की दोन? त्यांच्यावरचा खटला नेमका कशाचा होता? आणि त्यांची जात लिहावी की नाही, यावर मंडळींत दोन मतं आहेत.

तिफण:
जन्मसालाचा निकाल फलकावर लावत बसू नका. "१८५० किंवा १८५२, कलौड गाव, आजचा फतेहगढ साहिब जिल्हा" एवढं लिहा. मृत्यू ६ सप्टेंबर १९०१, लाहोर. पंजाबी पुस्तकांतली सालं बहुधा विक्रम संवतात असतात. इसवी सन काढायला ५७ वजा करतात, पण जानेवारी ते चैत्र या काळातल्या तारखेला ५६. शकाच्या हिशेबाची सवय असल्यानं आपल्याकडे इथंच चूक होते.

सिंग सभा दोन होत्या, आणि हे न सांगता पुढं गेलात तर खटला कुणालाच कळणार नाही. अमृतसरची सभा १ ऑक्टोबर १८७३ ची. मिशन शाळेतल्या चार शीख विद्यार्थ्यांनी ख्रिस्ती होणार असं जाहीर केलं, त्या धक्क्यातून ती उभी राहिली. तिच्यात बाबा खेमसिंग बेदींसारख्या गुरुवंशीय घराण्यांचं वजन होतं. लाहोरची सभा १८७९ ची. प्रा. गुरमुखसिंग आणि दित्तसिंग तिकडचे. गुरूंच्या वंशजांना वेगळा मान कशाला, गादी-तक्क्याचा थाट कशाला, हा त्यांचा सवाल. १८८७ मध्ये गुरमुखसिंगांना अकाल तख्तावरून (अमृतसरचं शिखांचं सर्वोच्च धर्मपीठ) पंथाबाहेर काढलं.

त्याच वर्षी लाहोर सभेच्या 'खालसा अखबार' या पत्रात दित्तसिंगांचं 'स्वपन नाटक' आलं. स्वप्नाच्या आडून विरोधकांची टर उडवणारं लिखाण, पण पात्रं कोण हे वाचणाऱ्याला लगेच ओळखू यायचं. बेदी घराण्यातल्या बावा उदयसिंगांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. खालच्या कोर्टानं ५१ रुपये दंड केला, अपिलात दित्तसिंग सुटले. पण कज्जा वर्षभर चालला आणि पैशाअभावी १८८९ मध्ये अखबार बंद पडला. १८९३ मध्ये तो पुन्हा निघाला. दंड माफ होऊनही छापखाना रिकामा झाला, तिसऱ्या फलकावर ठळक अक्षरात हेच येऊ द्या.

वारूळ:
जात जरूर लिहा. घर रविदासी चामार, वडील विणकर. अस्पृश्य मानलेल्या घरातला माणूस लाहोरच्या ओरिएंटल कॉलेजात पंजाबी शिकवतो आणि पंथाचं पत्र चालवतो, हे गाळलं तर उरतं काय? फक्त "थोर समाजसुधारक" लिहून भागवू नका.

दयानंद सरस्वतींशी लाहोरला १८७७ मध्ये झालेला संवाद एका ओळीत आटपा, नाहीतर सगळी चर्चा तिकडंच वाहवत जाते. त्यापेक्षा गुग्गा पीर (सापांचा लोकदेव) आणि सखी सरवर सुलतान (मुस्लिम पीर) यांच्या भक्तीवर त्यांनी केलेली टीका घ्या. साप चावू नये म्हणून शीख घरांतही गुग्गा पुजला जायचा. वारुळाला दूध वाहणाऱ्या आपल्या गावाला हे समजावून सांगावं लागत नाही.

सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ चा, अमृतसरची सभा त्यानंतर आठवड्याभरात. तारखा शेजारी ठेवा, पण एकातून दुसरं निघालं असं लिहू नका. सिंग सभा सरकारविरुद्ध बोलायचं नाही या धोरणाच्या होत्या, म्हणून "स्वातंत्र्यसैनिक" हा शब्दही नको.

पांदण:
मजकूर फलकामागे ८० शब्दांच्या वर नेऊ नका, ओट्याखाली उभ्या माणसाला वाचता आला पाहिजे. तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याला मोबाइलवरून नुसता मजकूर पाठवला की तो जुन्या फॉन्टमध्ये उतरवताना "ज्ञानी", "दित्त" अशी जोडाक्षरं फुटतात. पीडीएफ पाठवा आणि छापण्याआधी नावं एकेक अक्षर ताडून पाहा.

गुरुमुखी लिपीतल्या (पंजाबीची लिपी) मुखपृष्ठावरून नाव उतरवणार असाल तर जपून. गुरुमुखीचा स आपल्या म सारखा दिसतो, म हा भ सारखा, ध हा प सारखा. म्हणून "सिंघ"चं "मिंघ" होतं. अक्षरावर चंद्रकोरीसारखी खूण दिसली तर ती अद्दक, पुढचं व्यंजन दुप्पट करते. ती सुटली की दित्तचं "दित" होतं.

पळसपान:
जात पहिल्याच फलकावर घेतो. मग चौथ्यावर काय घ्यावं?

तिफण:
१२ ऑक्टोबर १९२०. दलित समाजातून आलेल्या शिखांना घेऊन मंडळी अमृतसरच्या हरिमंदिर साहिबात (सुवर्णमंदिरात) गेली, पुजाऱ्यांनी त्यांचा प्रसाद घ्यायला नकार दिला. ग्रंथसाहिब उघडून समोर येईल त्या वचनाचा कौल घेतला, तो प्रसाद घेण्याच्या बाजूनं आला, आणि अकाल तख्तावरचे पुजारी जागा सोडून निघून गेले. दित्तसिंगांना जाऊन तेव्हा १९ वर्षं झाली होती.