आबांच्या बेडक्याची डबी लॅबमधून परत आली, काय करू?

माणदेशी_आटपाडी:
आबांचा खोकला पंधरवडा उलटला तरी हटत नाही. संध्याकाळी अंगात कसकस असते, जेवणावरची वासना उडालीय. डॉक्टरांनी टीबीसाठी बेडका तपासायला सांगितला. डबी नेऊन दिली, तर "ही थुंकी आहे, बेडका आणा" म्हणून परत. आबा म्हणतात, निघतच नाही तर आणू कुठनं? रक्तातनं कळत नाही का?

लॅबवाली_मिरज:
दादा, रक्ताच्या नादाला लागू नका. रक्तातल्या अँटीबॉडी बघून टीबी सांगणाऱ्या चाचण्यांवर आपल्याकडे 2012 सालीच बंदी आलीय.

अशा डब्या मी रोज उघडते. थुंकी पाण्यासारखी असते, वर फेस. बेडका घट्ट, पिवळसर; डबी तिरकी केली की कडेला चिकटून सावकाश सरकतो. जंतू छातीत खोलवर असतात. नुसती लाळ तपासून 'निगेटिव्ह' लिहून दिलं असतं तर आबा तसेच खोकत घरी बसले असते, त्याची मला जास्त भीती वाटते. डबी परत केली ते बरोबरच, पण नीट समजावून सांगायला हवं होतं.

सकाळी उठल्याबरोबर, चहा-मशेरीच्या आधी, साध्या पाण्यानं चूळ भरायला लावा. मग अंगणात, मोकळ्यावर. खोल श्वास घ्यायचा, जरा धरायचा, सोडायचा. असं दोन-तीनदा झालं की पोटातनं जोर लावून खोकायचं. डबी ओठाला लावूनच धरायची. 2 ते 5 मिली पुरे. वारा तुमच्याकडून आबांकडे जाईल असे उभे राहा. आणि डबी उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका, त्याच दिवशी पोचवा.

सीबीनॅट मशीनवर लावल्यावर दोनेक तासांत जंतू आहेत का कळतं, आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का तेही.

आशाताई_खटाव:
आदल्या रात्री पाणी भरपूर पाजा, कफ सुटतो. तरी नाहीच निघाला तर दवाखान्यात खारट पाण्याची वाफ नेब्युलायझरनं देऊन काढतात. सरकारीत तपासणी आणि औषधं फुकट आहेत. टीबी निघालाच तर उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिना 1000 रुपये खात्यात येतात, आबांचं पासबुक काढून ठेवा. गावात कळेल म्हणून थांबू नका हो.

माणदेशी_आटपाडी:
आबा मशेरी लावल्याशिवाय अंथरूण सोडत नाहीत, तिथंच अडलं असणार. उद्या मी स्वतः उभा राहतो.

लॅबवाली_मिरज:
हो, आणि नाव झाकणावर नको, डबीच्या अंगावर लिहा. झाकणं काढून ठेवली की अदलाबदल होऊ शकते.